खिंडीच्या अलीकडे

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून त्याच्याकडे बघत उभी होते. रात्रभर दवाखान्यात बसून सकाळी अंघोळीपुरती दहिवलीला घरी आले होते. फोन ओंकारचा होता, ताईंच्या मुलाचा. ‘काकी, आई गेली,’ एवढंच म्हणाला. मी ‘बरं’ म्हटलं. मग गॅस बंद केला, दोरीवरचे कपडे काढले, त्यांच्या घड्या घातल्या. आणि त्या घड्या घालताना माझ्या मनात जो पहिला विचार आला तो लिहायला संकोच वाटतो, पण लिहायला बसलेच आहे तर खोटं कशाला... मला वाटलं, खिंड ओलांडायची राहिली. ताईंशिवाय ती मी आता कशी ओलांडणार?

ती खिंड खरी नाही, हे आधीच सांगते. ती एका व्हिडिओ गेममधली आहे. साठीला टेकलेल्या बाईच्या आठवणींत व्हिडिओ गेम कुठून आला, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. सुमनताई माझ्या थोरल्या जाऊबाई. कोंडाण्याचं माहेर, घरची भातशेती, सातवीपर्यंत शाळा आणि मग लग्न होऊन आमच्या घरात. मी मागाहून आले, खालापूरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवणारी. घरात दोन स्वयंपाकघरं केव्हाच झाली होती. भांडण असं काही नव्हतं, पण मधे एक भिंत होती आणि बोलणं कामापुरतं. पाण्याची मोटर कोण लावणार, गणपतीला किती पानं वाढायची, एवढंच. ताई माझ्या शिकलेपणाला बिचकून असायच्या आणि मी त्यांच्या जिभेला. अशी बरीच वर्षं गेली आणि आम्हा दोघींनाही त्यात काही उणं वाटलं नाही.

ओंकारला पुण्याला नोकरी लागली, त्यानं तिकडे गेम खेळायचं नवीन मशीन घेतलं आणि जुनं इथंच टीव्हीखाली राहिलं. एका सुट्टीत त्यानं आईला ते चालवायला शिकवलं. दुपारचा वेळ जाईल, एवढाच त्याचा हेतू. मला हे ठाऊक नव्हतं. एक दिवस शाळेतून आले तर भिंतीपलीकडून ताईंचा आवाज, ‘सरक की बाजूला, वाटेत काय उभा राह्यलाय!’ पाहुणे आले की काय म्हणून डोकावले. ताई एकट्याच, हातात तो रिमोट, आणि टीव्हीतल्या एका खेचरावर ओरडत होत्या. मला बघून जराशा ओशाळल्या. मग टीव्हीवरच्या बाईकडे बोट दाखवून म्हणाल्या, वैशू, ही मघापासून काय बडबडते ते जरा सांग.

तिथून सुरुवात झाली. गेममध्ये एक मोठा डोंगराळ मुलूख आहे. एक तरुण मुलगी खेचर घेऊन गावोगाव टपाल पोचवते. तिच्या सोबतीला एक वयस्क बाई चालते, जिला खिंडीपलीकडच्या आपल्या गावी परत जायचंय. वाटेत दोघी बोलतात, रुसतात, एकमेकींना हळूहळू ओळखायला लागतात. गोष्ट पुढं न्यायची असेल तर ठरलेली कामं करत जायची. न्यायची नसेल तर सगळा मुलूख मोकळा, हवं तिकडे फिरा, कुणी जाब विचारत नाही. ताई रिमोट चालवायच्या आणि मी खाली उमटणारं इंग्रजी वाचून मराठीत सांगायची. शिकवण्यात जन्म गेला, पण माझं इतकं मन लावून कुठल्या वर्गानं ऐकलं नाही. मी एखादं वाक्य गाळलं तर त्यांना बरोबर कळायचं. तिचं तोंड जास्त वेळ हलत होतं, म्हणायच्या.

मला गोष्टीची ओढ होती, ताईंना मुलखाची. मी म्हणायची, टपाल पोचवू या, पुढचं कळेल. त्या खेचर भलतीकडे वळवायच्या, लांबवर धूर दिसतोय तिथं कोण राहतं ते बघायला. खेचराचं नाव त्यांनी सरपंच ठेवलं होतं, कारण ते मनात येईल तिथं थांबायचं आणि ढोसल्याशिवाय हलायचं नाही. रानात उगवलेली झाडं खुडून पिशवीत टाकता येतात, त्या प्रत्येकाला त्यांनी आपल्याकडच्या रानभाजीचं नाव दिलं, हा टाकळा, ही कुर्डू, हे शेवळं. मी म्हटलं, अहो तिकडे बर्फ पडतो, शेवळं कुठून येणार. त्यावर त्या म्हणाल्या, तू शाळेत शिकव, रानातलं मला सांगू नको. उभ्या पिकातून त्यांनी खेचर कधी नेलं नाही. बांधाबांधानं लांबचा वळसा घालायच्या. त्या चित्रातल्या पिकाला काही होत नाही, हे मी त्यांना समजावलं. ‘पीक हाय ना?’ त्या म्हणाल्या, आणि वळसा घेतला. मी तेव्हा वैतागले होते, पण त्यांच्या शेजारी बसून वैतागणंसुद्धा मला आवडायला लागलं होतं. खरं तर ताईच मला आवडायला लागल्या होत्या, एका घरात इतकी वर्षं काढल्यावर.

एक नियम त्यांनीच घातला होता. माझ्या परीक्षेच्या दिवसांत चार-सहा दुपारी चुकल्या, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘माज्याशिवाय पुढं जायचं नाय हां. मी पन जानार नाय.’ मी कबूल केलं. एकटीनं बसायचं तर नुसतं फिरायचं, रानभाजी खुडायची. गोष्ट पुढं न्यायची ती दोघींनी मिळून. असा नियम आमच्यात मुलाबाळांच्या बाबतीत, घराच्या वाटणीच्या बाबतीत, कशाच्याच बाबतीत कधी झाला नव्हता.

गणपती उठले आणि ताईंचं पोट दुखायला लागलं. आधी कर्जतला दाखवलं, मग नवी मुंबईला. डॉक्टरांनी भावजींना आणि ओंकारला आत बोलावून सांगितलं, पण ताई बाहेर बसून सगळं समजल्या होत्या. घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, देवाला दिवा लावला आणि दुसऱ्या दुपारी भिंतीवर थाप मारून मला बोलावलं. आम्ही दुखण्याबद्दल बोललो नाही. आम्ही खेळलो. तोवर गोष्ट बरीच पुढं आली होती, खिंडीखालचं शेवटचं गाव लागलं होतं. ताई म्हणाल्या, ठाकुरवाडीच्या बाजूला गाडी घाटात चढते तेव्हा असाच डोंगर अंगावर येतो. तिथं गेम एकदा विचारतो, निघायची तयारी झाली का. हो म्हटलं की दोघी वर चढायला लागतात.

ताईंनी हो म्हटलं नाही. दिवाळीच्या आगेमागे कधीतरी हे सुरू झालं. गावाच्या वेशीपर्यंत यायच्या, डोंगराकडे बघायच्या आणि सरपंचाला मागं फिरवायच्या. मग आम्ही जुन्याच गावांत फिरायचो, ज्या घरी टपाल देऊन झालंय त्याच घरासमोरून जायचो. ती वयस्क बाई जुनीच वाक्यं बोलायची आणि मी ती पुन्हा मराठीत सांगायची. मला वाटायचं, औषधांनी थकल्यात, नवीन काही झेपत नसेल. एकदा मात्र राहवलं नाही. म्हटलं, ताई, चला की आता, बाईला तिच्या गावी पोचवू. त्या टीव्हीकडे बघत म्हणाल्या, ‘मला नाय बाई घाई. खिंड कुठं पळून चालली?’ पुढं पुढं रिमोट धरायला बोटांत जोर राहिला नाही. मग तो माझ्याकडे आला आणि त्या उशीला टेकून इकडे वळ, तिकडे वळ सांगायच्या. खिंडीकडे वळ, असं कधी म्हणाल्या नाहीत.

त्या गेल्यावर मी रडले नाही. बायकांनी ते पाहून ठेवलं आणि जावाजावांचं काय एवढं, असं कुणीतरी म्हणालंही. मी दहाव्याला गेले, तेराव्याचा स्वयंपाक बघितला, बुंदी पुरेल का म्हणून काळजी केली, आलेल्यांना चहा दिला. शाळा सुरू झाली, शिकवलं, वह्या तपासल्या. आत काही हलत नव्हतं. दुपारी घरी आले की पलीकडे जायची, भावजी कुळगावला किंवा कुठं बाहेर गेलेले असायचे, मी मशीन सुरू करायची आणि रिमोट मांडीवर ठेवून बसायची. सरपंच वेशीवर उभा. मुलगी उभी. बाई उभी. तिथं संध्याकाळ व्हायची, रात्र व्हायची, पुन्हा उजाडायचं. मी काही दाबायची नाही. नियम मोडायला आता कुणाची परवानगी घ्यायची, ते कळत नव्हतं.

ओंकार महिन्याभरानं सुट्टी काढून आला आणि मला तशी बसलेली बघितली. शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, ‘काकी, आईनं हा गेम संपवला होता.’

मला आधी राग आला. ताईंनी नियम मोडला, आणि तोही मला न सांगता. मग ओंकारनं सगळं सांगितलं. दिवाळीच्या जरा आधी ताईंचा त्याला ऑफिसात फोन आला होता. एका दुपारी मी शाळेत असताना त्यांचं बोट चुकून पडलं की त्यांनाच पुढचं बघावंसं वाटलं, ते त्यालाही नक्की माहीत नाही, पण त्या खिंडीत गेल्या आणि शेवटपर्यंत गेल्या. फोनवर त्यांनी विचारलं, हे असंच संपतं का रे, दुसरं काही करता येतं का. ओंकार म्हणाला, नाही, शेवट एकच आहे.

‘मग ती म्हणाली, आणि खिंडीत गेलंच नाय तर?’ ओंकार सांगत होता. ‘मी म्हटलं, मग काही होत नाही आई. हवं तेवढं फिर. ती म्हणाली, बरं झालं.’

खिंडीच्या अलीकडे गेमनं साठवून ठेवलेली जागा पुन्हा कशी उघडायची, ते त्यानंच फोनवर समजावून सांगितलं. काकीला बोलू नको, असं ताईंनी त्याला बजावलं होतं. आणि अगदी शेवटी, दवाखान्यात, आणखी एक सांगून ठेवलं होतं. मी नसल्यावर वैशू कधीतरी खिंडीत जाणारच, तेव्हा तिला एकटीला बसू देऊ नको, तू बस. म्हणून तो सुट्टी काढून आला होता.

आम्ही त्याच दुपारी खिंडीत गेलो. ओंकार सोफ्यावर माझ्या शेजारी होता. ताईंना इंग्रजी येत नव्हतं तरी त्यांना सगळं कसं कळलं असेल, हा प्रश्न मला पडला होता. पण त्या शेवटात वाचायला काही नाहीच. वर बर्फ आहे, वारा आहे. ती वयस्क बाई चालता चालता मागं पडते, मग एका दगडाला टेकून बसते आणि उठत नाही. आपलं गाव तिला तिथून खाली दिसत असतं. पुढचं गेम आपल्याकडून करवून घेतो. तिचं गाठोडं खेचरावरून उतरवायचं, तिच्या अंगावर घोंगडी ओढायची, मग दगड आणायचे, एकेक. प्रत्येक दगडाला बटण दाबून धरावं लागतं, सोडलं तर दगड खाली पडतो. मी दाबून धरलं. एकही पडू दिला नाही. आईच्या अंत्यविधीत कोरडा राहिलेला ओंकार माझ्या खांद्याला डोकं लावून रडायला लागला. मी एका हातानं त्याची पाठ थोपटली, पण डोळ्यांत पाणी आलं नाही. गोष्ट संपल्यावर गेम बंद होत नाही. मुलगी पलीकडच्या उतारावर एकटी उभी राहते आणि सगळा मुलूख पुन्हा मोकळा असतो.

‘आईनं हे एकटीनं बघितलं, काकी,’ ओंकार म्हणाला.

हे दगड ताईंनीही आणले, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. दिवाळीच्या आधीची कुठलीतरी दुपार, पोटात ते दुखणं, आणि घरात दुसरं कुणी नाही. ताईंनी शेवटचा दगड ठेवला असेल, मुलाला फोन केला असेल, मग जुनी जागा उघडून सरपंचाला परत वेशीवर आणून उभं केलं असेल. त्यानंतर थोड्या वेळानं मी शाळेतून आले असणार. त्यांनी भिंतीवर थाप मारली असणार आणि मी नेहमीसारखी जाऊन शेजारी बसले असणार. ती दुपार कुठली, हे मी तेव्हापासून आठवून बघते आहे. त्यांचा चेहरा, त्यांचा आवाज, आम्ही कुठल्या गावात फिरलो, मी त्यांना काय काय वाचून दाखवलं... मला काहीच आठवत नाही. त्यांनी मला काही कळूच दिलं नाही.