सुतकाची मुदत

माझा सख्खा चुलता मेला, असं मी सांगलीच्या कोर्टात खोटं सांगितलं होतं. हे माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही. बायकोनं नाही, आणि ज्या वकिलांनी माझ्या वतीनं ते साहेबांपुढं मांडलं त्यांनीही नाही. त्यांना ते खरंच वाटलं होतं.

दुष्काळ सरल्यानंतरची गोष्ट. कुंडलचा माझा एक शाळासोबती होता. आम्ही दोघं एकाच ठिकाणी हळदीपासून कुंकू करायला शिकलो आणि पुढं आपापलं कुंकू पुडीत घालून विकायला लागलो. तो गावात, मी सांगलीत. माल सारखाच. पण त्यानं पुडीवर स्वतःच्या हातानं एक राघू काढला, हळदीच्या पानावर बसलेला, मान जरा तिरकी. बाजारात बायका "राघूचं कुंकू द्या" म्हणू लागल्या. माझं मागताना "ते दुसरं" म्हणायच्या. तेही मी सोसलं असतं. पण एकदा माझ्याच आईच्या फडताळात मला राघूची पुडी दिसली. विचारलं तर म्हणाली, "आरं, चित्र लय ग्वाड हाय, म्हनून घेतली." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पुढच्या हंगामात माझ्या पुडीवरही राघू आला. मान तेवढी दुसऱ्या बाजूला वळवली. धंद्यासाठी केलं, असं मी सगळ्यांना सांगायचो, स्वतःलाही. खरं म्हणजे त्याचा राघू बायकांच्या तोंडी राहू नये, एवढंच मला हवं होतं.

त्यानं दावा लावला. संक्रांतीआधी मनाई हुकूम मिळावा, ही त्याची मागणी. कारण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला जेवढं कुंकू खपतं तेवढं एरवी खपत नाही. म्हणजे मला फक्त दिवस ढकलायचे होते. मुदतीचे अर्ज सुरू झाले. वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेत. मला ताप आहे. छापखानेवाला साक्षीला मिळत नाही. माझा सोबती दर वेळी कुंडलहून एसटीनं यायचा, पुढची तारीख ऐकायचा, परत जायचा. शेवटी साहेब वैतागले, "आता मुदत नाही." तेव्हा मला सुतक सुचलं. विट्याकडचे लोक जातात तसा माझा चुलता गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या कामाला मद्रासकडं होता. इतक्या लांब कोण बघायला जातंय? अर्ज मंजूर झाला. तारीख पडली ती थेट रथसप्तमीनंतरची.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा कुंडलचा सोबती माझ्या दारात. हातात फडक्यात बांधलेलं पिठलं-भाकरी. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून त्याच्या बायकोनं पहाटे उठून केलेलं. आई विळीवर कांदा चिरत बसली होती.

"मावशी, रडू नगा," तो तिच्यापुढं बसत म्हणाला.

"रडतंय कोन? कांदा लय तिकाट हाय."

"तसं न्हवं... तुमचं धाकटं दीर गेलं न्हवं का, गलाईवालं?"

"आरं, वंगाळ बोलू नगंस! संक्रांतीला यायचाय त्यो."

आत चुलीवर आमटी उकळत होती. त्याला वास आला असणार. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग आईला हसून म्हणाला, "मग आयुष्य वाढलं म्हनायचं त्येंचं. कुनीतरी उगंच उठवलं. भाकरी तेवढी ठिवून घ्या मावशी, परत न्हेली तर बायको इचारंल."

पुढच्या तारखेला तो सगळं साहेबांना सांगणार, म्हणून मी घाम पुसत उभा होतो. तो काहीच बोलला नाही. हंगाम तर गेलाच होता. त्यानं दावा काढून घेतला, आणि पुडीवरचा राघूही. नुसतं नाव छापू लागला. बाजारात राघू माझा झाला. आणि खरं सांगतो, त्याच्या त्या गप्प राहण्याचाही मला हेवाच वाटला. मला ते जमलं नसतं.

काही वर्षांनी त्याची बायको गेली. मी घरून पिठलं-भाकरी बांधून घेतली आणि स्टँडवर गेलो. कुंडलची गाडी लागली, भरली, सुटली. मी चढलो नाही. भाकरी तिथल्या एका हमालाला देऊन टाकली.

तो अजून कुंडलला आहे. सुतकातलं एक जेवण, आणि "राघू तुझाच होता" हे त्याच्यासमोर बसून म्हणणं, एवढं मी त्याचं देणं लागतो.