पाठीमागचा नारळ

जळगावच्या भंगारवाल्याकडून ते चित्र मी घेतलं ते केवळ चौकटीसाठी. जुनी विलायती छपाई, विषय प्राचीन रोमची सिनेट सभा. मधल्या आसनावर एक भारदस्त गृहस्थ, भोवती अंगभर वस्त्रं पांघरलेले सभासद. त्यांतल्या एकाने खंजीर पाठीमागे लपवलेला. कागदावर डाग पडल्याने पातं दिसत नव्हतं, नुसती मूठ दिसायची. पण मी धुळ्याला कॉलेजात इतिहास शिकवतो, मला काय ते कळलं.

चोपड्याजवळच्या आमच्या गावी आबा, म्हणजे माझे वडील, सरपंच. मी घरी नेलेलं चित्र त्यांनी उचलून थेट ग्रामपंचायतीत आपल्या खुर्चीमागे टांगलं. त्यांच्या मते तो सत्कार होता. एवढे लोक शाली घेऊन दुसरं कशाला येतील? आणि मागे हात घेतलेल्याकडे नारळ आहे, हे ते येईल त्याला कौतुकाने दाखवत. सरपंचकी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. माझी जीभ रेटली नाही.

मग अविश्वास ठराव आला आणि दुसऱ्याच दिवशी उपसरपंच सहा सदस्यांना घेऊन सहलीला गेले. मतं फुटू नयेत म्हणून आमच्याकडे ही पद्धतच आहे. आबांनीही एकदा अशी सहल काढली होती. तरीही, दमली असतील माणसं, म्हणत त्यांनी त्यांच्याकडे जाणाऱ्या गाडीत घरच्या केळीची फणी ठेवली.

मतदानाला सगळे गाडीतून थेट सभेत उतरले, सहलीच्या एकसारख्या टोप्या घालून. तहसीलदारांनी विचारताच सगळे हात वर. आबा पडले. लगेच, रीत म्हणून, मावळत्या सरपंचाचा सत्कार. उपसरपंचांनी आबांना शाल पांघरली आणि पाठीमागचा हात पुढे केला. हातात खरोखर नारळ होता. त्याच चित्राखाली फोटो निघाला. मला हसू आवरेना, आणि त्याची लाज अजून वाटते.

घरी येताच आबा ओट्यावर बसले, शाल तशीच अंगावर.

"त्या चित्रामा नारय नही शे. तुले मालूम व्हतं ना?"

मी हो म्हणालो. पहिल्या दिवसापासून.

आबांनी शालीची घडी घातली.

"मंग तूबी त्यासमाच उभा व्हता."