जळकी साखर, घरचे कप

आदिलाबादला थंडी पडली की हैदराबादच्या लोकांना आमची आठवण येते. एरवी हा जिल्हा नकाशात आहे हे त्यांना बदली झाल्यावरच कळतं. डिसेंबरात मात्र टीव्हीवर शेकोटीभोवती बसलेली म्हातारी माणसं दाखवतात आणि ‘आपल्या तेलंगणाचं काश्मीर’ म्हणून कौतुक करतात. काश्मीरला जाणारे येताना शाली घेऊन येतात. आमच्याकडे येणारे घरूनच शाल पांघरून येतात आणि जाईपर्यंत तिच्यातून हात बाहेर काढत नाहीत.

अशाच एका डिसेंबरात माझ्या मुलाचा फोन आला, की रविवारी तो येतोय, सोबत ती मुलगी आणि तिची आई येतेय. ती मुलगी म्हणजे त्याच्या ऑफिसातली. दोघांचं आपसात ठरलेलं होतं, आम्हाला पसंत होतं, तिच्या घरच्यांचं अजून व्हायचं होतं. तिचे वडीलही येणार होते, पण रविवारी त्यांचा गुडघा दुखणार होता. हे त्यांना बुधवारीच कळलं होतं.

त्यांचं घराणं तेलुगू, भरपूर जमिनीचं, वरच्या जातीतलं. आम्ही मराठी, बौद्ध. माझ्या सासूबाईंनी सीमेवरच्या गावात लोकांचा कापूस वेचला, त्यांचा मुलगा तहसील कचेरीत कारकून झाला, मी सरकारी शाळेत शिकवते. बैठकीत भिंतीवर दोन फोटो आहेत, त्यामुळे पाहुण्यांना आमची जात विचारण्याचे कष्ट पडत नाहीत. मुलीने माझ्या मुलाला सांगून टाकलं होतं, की अम्मा हो म्हणाली तर नान्नांचा गुडघाही बरा होईल. म्हणजे सगळं गाडं त्या एका बाईवर येऊन थांबलं होतं.

आणि त्या बाई हो म्हणाल्या का नाही हे कसं ओळखायचं? ते मला विचारा. या विषयात माझा अभ्यास मोठा आहे. आमच्या घरी येऊन कोणी तोंडाने ‘नाही’ म्हणत नाही, सगळे फार सभ्य असतात. ते फक्त काही घेत नाहीत. ‘आत्ताच घेऊन आलो’ हा सगळ्यात सोपा प्रकार. ‘ॲसिडिटी आहे’ हा सुशिक्षितांचा. ‘साखर बंद केलीय’ म्हणणाऱ्याला बिनसाखरेचा चहा देऊ केला तर त्याला दूध सोसत नाही, आणि काळा देऊ केला तर झोप येत नाही, मग भले सकाळचे दहा वाजलेले असोत. आमच्या शाळेत एक मॅडम आहेत, त्या वर्षानुवर्षं माझ्या डब्यातली चटणी फार छान दिसते म्हणतात. दिसतेच ती. केळं मात्र सगळ्यांना चालतं, कारण त्याला साल असते. सीलबंद बाटलीतलं पाणीही चालतं.

म्हणून मी पाणी नाकातोंडात जायच्या आधीच बांध घातला. मुलीलाच फोन करून विचारलं, “अम्मा काय घेतात गं? चहा?”

“नाही आंटी. चहा नाही, कॉफीपण नाही. लहानपणापासून नाही.”

झालं, मी मनात म्हटलं, हा तर पिढीजात बहाणा. पण ती पुढे म्हणाली, “थंडीत तिला कॅरॅमलवालं हॉट चॉकलेट आवडतं. आम्ही दोघी कॅफेत जातो तेवढ्यासाठी.”

फोन ठेवला आणि जाहीर केलं, की रविवारी तेच होईल. त्या बाईला नको म्हणायला सुईच्या टोकाएवढी जागा मी ठेवणार नव्हते.

नवऱ्याने डोकं खाजवलं. “त्यापरीस बिसलेरीच्या छोट्या बाटल्या आनून ठेवू नं. कोनाले अवघड नाई होत.”

“कोणाच्या जातीची सोय मी माझ्या फ्रीजमध्ये करणार नाही,” मी म्हणाले. त्यांनी अर्जावर ‘पाहिले’ असा शेरा मारावा तशी मान हलवली आणि पिशवी घेऊन माझ्यामागे बाजारात आले.

दुकानदाराने आधी हिंदीत विचारलं, बच्चा कितने साल का है, आणि मुलांची उंची वाढवणारा डबा पुढे केला. माझा मुलगा सहा फूट आहे आणि सगळं त्याच्याच पायी चाललंय, हे त्याला काय सांगणार? शेवटी नाताळच्या केकसाठी मागवलेल्या सामानात कोकोचा डबा सापडला. त्यावरची धूळ पाहता आदिलाबादेत केक फार होत नसावेत.

शनिवारी सकाळी रंगीत तालीम. नवरा मोबाईल धरून उभा. व्हिडिओतली बाई लांब नखं नाचवत म्हणत होती, की नुसती साखर भांड्यात पसरा, मंद आचेवर ठेवा आणि अजिबात ढवळू नका. मराठी बाईला गॅससमोर उभं करायचं आणि ढवळू नका सांगायचं! मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले, वर्गात पोरांना उभं करते तशी. साखर कडेने वितळायला लागली, सोनेरी झाली, आणि नेमकी तेव्हा व्हिडिओत जाहिरात लागली. नवरा ती प्रामाणिकपणे पाहत राहिला. जाहिरात संपेपर्यंत साखरेचा कोळसा झाला होता आणि स्वयंपाकघरात धूर.

अंगणात उन्हाला बसलेल्या सासूबाई आतून धूर येतोय म्हणून काठी टेकत दारात आल्या. “काऊन व, साखर जाळून राह्यली? कोनाची दिष्ट काढून राह्यली का? दिष्ट काढाले मिरच्या लागतेत.”

आमच्या घरी दृष्ट वगैरे मानत नाहीत. सासूबाईंना हे अधूनमधून आठवत नाही.

“जळकी साखर पितात हैदराबादेत, माय,” नवरा म्हणाला.

“मंग इतकं शिकून काय फायदा झाला?” असं म्हणून त्या तिथेच पाटावर बसल्या. तमाशा फुकट होता.

दुसऱ्या खेपेला साखर छान तांबूस झाली. मी फ्रीजमधलं दूध ओतलं. भांड्यातून फस्स करून वाफ आली, साखरेचा एक थेंब उडून बोटावर बसला आणि बाकीची साखर दगड होऊन भांड्याला चिकटली. चमचा त्यात उभाच्या उभा. नवऱ्याने जोर लावून पाहिला. मग भांडं गरम पाण्यात ठेवलं, तेव्हा कचेरीतली फाईल सुटते तसा तो चमचा संध्याकाळपर्यंत हळूहळू सुटला. बोटावर फोड आला तो वेगळा.

तिसऱ्या वेळी डोकं चालवलं. व्हिडिओ बंद. दूध आधीच दुसऱ्या शेगडीवर गरम करून घेतलं. साखर मधाच्या रंगाची झाली तशी गॅस बारीक केला, लोणी टाकलं, दूध थोडं थोडं ओतलं, कोको कालवून सोडला. शेवटी चिमूटभर मीठ.

“चाकलेटात मीठ?” नवरा दचकला.

“घालू दे तिले,” सासूबाई म्हणाल्या. “मीठ खाल्लं म्हंजे मानूस जागते.”

आम्ही तिघांनी चाखलं. गोड होतं, पण नुसतं गोड नाही, मागे एक करपट कडवटपणा रेंगाळत होता आणि त्यामुळेच पुन्हा घोट घ्यावासा वाटत होता. मला वाईट वाटलं, की इतकं चांगलं काहीतरी मी आयुष्यात पहिल्यांदा केलं आणि तेही धास्तीपोटी.

खरी चूक पुढेच होती. मी बाजारातून काचेचे नवे मग आणले होते, उंच, जाड, कॅफेत असतात तसे. ते धुऊन ओट्यावर मांडले. सासूबाईंनी एक उचलून पाहिला.

“हे कोनासाठी?”

“उद्यासाठी. पाव्हण्यांना.”

“काऊन? आपले कप बाटले हायेत का?”

मुलं उत्तर न येता उभी राहतात तेव्हा मी त्यांना जशी पाहते, तशा त्या माझ्याकडे पाहत होत्या.

त्यांचा स्वतःचा एक कप होता पूर्वी. घरात नव्हता. ज्यांच्या शेतात त्या जायच्या, त्या मालकाच्या गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात असायचा. मालकीण वरून, हात न लागू देता चहा ओतायची. पिऊन झाला की कप आपण विसळायचा आणि पालथा घालून पुन्हा कोनाड्यात ठेवायचा. सासूबाई हे कधी रडून सांगत नाहीत. कान तुटका होता पण चहा लय गोड राहे, असं सांगतात. ऐकणाऱ्याने हसावं का काय करावं, ते त्याचं त्याने बघावं.

मी नवे मग खोक्यात घालून कपाटावर टाकले. उद्या आमचेच कप, निळी फुलं असलेले, ज्यांतून आम्ही रोज चहा पितो. प्यायचं तर यातूनच.

रविवारी मार्केट यार्डासमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, त्यात पाहुणे अडकले आणि उशिरा आले. मुलीची आई उतरली ती डोक्यापासून गुडघ्यापर्यंत शालीत. चपला बाहेर काढल्या, बैठकीत आल्या, भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिलं, आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. खुर्ची पुढे कलंडेल अशी मला भीती वाटत होती. मला त्या आदराने ‘मॅडमगारू’ म्हणत होत्या. माझं तेलुगू पक्कं आहे, आयुष्य त्याच शाळांमध्ये गेलं, म्हणून बोलणं अडत नव्हतं. आम्ही थंडीवर बोललो. मग कापसावर. मग पुन्हा थंडीवर. मुलगा आणि मुलगी एकमेकांकडे न पाहण्याचा इतका प्रयत्न करत होते की आंधळ्यालाही कळलं असतं.

मी आत जाऊन साखर चढवली. साखरेने त्या दिवशी लाज राखली. ट्रे घेऊन बाहेर आले आणि पहिला कप त्यांच्यापुढे धरला.

“वद्दंडी,” त्या म्हणाल्या. म्हणजे नको हो. आत्ताच वाटेत निर्मलला टिफिन, म्हणजे नाश्ता, करून आलो, पोट भरलंय.

आत्ताच घेऊन आलो. इतका खटाटोप केला, बोट भाजून घेतलं, आणि बाईंनी पहिलीतला बहाणा काढला. मला राग यायला हवा होता. राग नाही आला, एकदम थकल्यासारखं झालं. मुलीचा चेहरा पडला. नवऱ्याने खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली, जणू तिथे कोणी अर्ज घेऊन उभं होतं. माझ्या मुलाकडे मी पाहिलंच नाही. मला ते सहन झालं नसतं.

“पिऊ नका,” मी त्यांना म्हणाले. “नुसता हातात धरा. बोटं तरी गरम होतील.”

यावर कोणाकडे बहाणा नसतो. शालीतून हळूहळू दोन हात बाहेर आले. थंडीने पांढरी पडलेली बोटं कपाभोवती बसली. कप त्यांच्या मांडीशी, ओठ वर वीतभर लांब, आणि आम्ही सगळे त्या वीतभराकडे पाहत होतो. सासूबाई तर उघड उघड. त्यांना पाहुण्यांकडे टक लावून पाहू नये हे कोणी शिकवलेलं नाही.

वाफ वर जात राहिली. बाईंनी नाक जरा खाली केलं. “हे काय आहे?”

“तुझंच ते अम्मा, कॅरॅमलवालं,” मुलगी म्हणाली. “आंटीने घरी केलंय.”

“घरी?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटावरच्या फोडाकडे. फोड कशाचा, हे त्यांना विचारावं लागलं नाही. त्यांनी कप उचलला आणि एक घोट घेतला. मग दुसरा. मग त्यांनी खुर्चीत मागे टेकून बसत सावकाश सगळा कप संपवला, आणि वरच्या ओठावर चॉकलेटची रेघ तशीच ठेवून विचारलं, “मीठ घातलंय का हो?” मी हो म्हणाले. नवऱ्याने खिडकीतून नजर काढली. त्या खरंच निर्मलला टिफिन करून आल्या होत्या का, हे मला आजही माहीत नाही.

मी सुटकेचा श्वास घेणार तोच त्या रिकामा कप घेऊन उठल्या. अंगणातला नळ दारातून दिसत होता. त्या तिकडे निघाल्या, कप विसळायला. सवय असेल त्यांची, किंवा दुसऱ्याच्या घरी आपला कप आपण धुवावा हे सौजन्य असेल. त्यांना कोनाड्याचं काय ठाऊक? पण मी त्यांना अडवायला उठणारच होते.

माझ्याआधी सासूबाई उठल्या. एवढ्या झटपट उठताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. काठी न घेता त्या दारात आडव्या झाल्या आणि बाईंचं मनगट धरलं.

“ठिव बाई तो कप. या घरी कोनाले कप इसळाले लावत नाई.”

आवाज चढला होता आणि डोळे भरले होते. बाई गोंधळल्या. मराठीचं अक्षर त्यांना कळत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “काय म्हणाल्या? माझं काही चुकलं का?”

तीस मुलांच्या वर्गाला मी रोज तेलुगूतून मराठी आणि मराठीतून तेलुगू करून देते. पण हे एवढं एक वाक्य मला करता येईना.

“अजून आहे म्हणतात,” मी सांगितलं. “घ्या थोडं.”

बाईंनी सासूबाईंकडे पाहिलं, हसल्या, आणि तोच कप पुढे केला. मी आतून भांडं आणून ओतलं. भांड्याच्या तळाशी घट्ट झालेली साखर राहिली होती, ती सासूबाईंनी आपल्या चमच्याने खरवडली आणि बाईंच्या कपात घातली.