हेल्मेटवरचे कान

आखातातल्या मीना सलमान बंदरावरच्या आमच्या जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये तो तीनच महिने होता. युक्रेनचा वेल्डर, दारातून वाकून आत येणारा धिप्पाड माणूस. हेल्मेटवर आडनाव लिहायचं, असा आमच्याकडे नियम. त्याने आडनावाच्या वर दोन लांब कानही रंगवले होते. उन्हाने रंग उडाला की चहाच्या सुट्टीत ब्रश घेऊन बसायचा आणि आधी कान गिरवायचा. त्याच्या भाषेत त्या आडनावाचा अर्थ ससा.

माझं आडनाव उंदरे. हेल्मेटवर मी नुसतं 'यू' लिहिलं होतं. ईसा टाउनच्या शाळेत पोरीला चिडवतात, म्हणून आडनाव बदलायचे कागदही तयार ठेवले होते. एकदा त्याला हे सगळं सांगून विचारलं, "तुला कोणी हसत नाही?"

ब्रश न थांबवता तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "माझा खापरपणजोबा जमीनदाराचा गुलाम होता. तो पळाला, म्हणून लोक हसून ससा म्हणाले. पण जमीनदाराला तो सापडला नाही. हे नाव पुसलं, तर तो सुटला हे कोण सांगणार?"

गावाने हिणवून दिलेलं आमचं आडनाव माझ्या आजोबांनी मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर नेलं होतं; वस्तीतले पहिले मॅट्रिक तेच. मी त्याच्याकडून ब्रश मागून घेतला.

संध्याकाळी हेल्मेट सनद भागातल्या आमच्या घरी नेलं. त्यावर पूर्ण आडनाव होतं आणि खाली एक शेपटी. पोरीने शेपटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पप्पा, मेक द टेल लाँगर."