‘औषध’ हा शब्द गाळून विचारलेला प्रश्न

डॉ. शरयू भागवत यांना मी प्रथम पाहिले ते एका उलट्या धरलेल्या बाटलीच्या पलीकडे. सांगलीतल्या आमच्या धर्मादाय रुग्णालयात औषधनिर्माता म्हणून मी मुलाखतीला आलो होतो. प्रश्न विचारण्याऐवजी त्यांनी मला औषधे बनवण्याच्या खोलीत उभे केले आणि खाज शमवणारे कॅलामाइनचे लोशन बनवायला सांगितले. मी बनवले. बाटली भरली, चिठ्ठी चिकटवली, चिठ्ठीवर ‘हलवून वापरा’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले. बाईंनी बाटली उलटी केली आणि तळाला चिकटून बसलेल्या गाळाकडे बराच वेळ पाहिले.

“हलवून वापरा असं लिहिलंत, आणि हलवलं तरी सुटत नाही असं बनवलंत,” त्या म्हणाल्या. “गाव कुठलं?”

“माण तालुक्यातलं. दहिवडीच्या पुढं.”

“म्हणजे पाणी जपून वापरायची सवय असणार. ती चांगली आहे. इथं हात धुताना तेवढी मोडा.”

मला वाटले, नोकरी गेली. पण दुसऱ्या दिवशी कामावर या असा निरोप आला. तेव्हा मी पंचविशीत होतो, आता पन्नाशीला टेकलो आहे. बाई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. डॉक्टर म्हटलेले त्यांना चालते, मॅडम म्हटलेले आवडत नाही.

त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या शिक्षणाबद्दल, वाईतल्या घराण्याबद्दल आणि त्यांनी घडवलेल्या त्वचारोगतज्ज्ञांबद्दल अधिकारी माणसे लिहितील. मी औषधांच्या खोलीतला माणूस. त्या खोलीतून आणि तिच्या खिडकीतून जे दिसले तेवढेच सांगतो.

बाजारात सगळी मलमे तयार मिळत असताना रुग्णालयात ती बनवायची कशाला, असे नवे डॉक्टर नेहमी विचारतात. बाई त्यांना आमच्या खोलीत आणून सोडतात. सगळ्या अंगाची कातडी सोलवटलेल्या माणसाला बोटभर ट्यूब पुरत नाही. त्याला डबाभर साधे, बिनवासाचे मलम लागते, आणि त्यात नको असलेला एकही पदार्थ चालत नाही. नव्याने बनवलेले प्रत्येक मलम बाई आधी स्वतःच्या हातावर चोळून पाहतात. एकदा माझ्या मलमात बारीक कण राहिला होता. त्या एवढेच म्हणाल्या, “हा मला टोचला. ज्याला कातडीच नाही त्याला किती टोचेल?” मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि सगळी पूड पुन्हा घोटून, चाळून होईपर्यंत उठल्या नाहीत. बाहेरचे रुग्ण त्या दिवशी त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले.

मी रोज काम सुरू करण्यापूर्वी वजनकाट्याला हात जोडतो. आमच्या घरी नांगरालाही जोडत असत, ती सवय. पहिल्या आठवड्यात बाईंनी ते पाहिले. मी ओशाळलो. त्या म्हणाल्या, “नमस्कार जरूर करा. फक्त त्याआधी काटा शून्यावर आहे का ते बघा.” तेव्हापासून मी दोन्ही करतो, आणि त्यांनी सांगितलेल्या क्रमाने करतो.

बाईंचे रागावणेही सांगितले पाहिजे, नाहीतर चित्र खोटे होईल. नायट्यावर मनाने ट्यूब लावणाऱ्यांवर त्या रागावतात. फलटणकडचे एक निवृत्त सुभेदार आले होते, उसाची बागायत असलेले. कमरेपासून गुडघ्यापर्यंत नायटा पसरलेला.

“आवं बाई, ट्यूब लय भारी हाय,” ते खिशातून ट्यूब काढत म्हणाले. “दोन दिसात खाज गायब.”

“आणि तिसऱ्या आठवड्यात?”

“दुप्पट. मग मी बी दुप्पट लावतो.”

“सुभेदार, ह्या ट्यूबनं खाज झोपते. नायटा जागाच राहतो, आणि पहारा नाही म्हणून हातपाय पसरतो. घरात अजून कुणाला आहे?”

“मंडळीस्नी हाय. दोन्ही पोरांस्नी हाय. टावेल एकच हाय ना आमचा.”

“फौजेत इतकी वर्षं काढलीत, आणि चौघांत टॉवेल एक?”

“फौजेत ज्याचा त्याचा हुता,” सुभेदार खाली बघून म्हणाले. “घरी आल्यावर शिस्त मोडली.” बाई हसल्या आणि राग तिथेच संपला. पुढच्या खेपेला सुभेदार सगळ्या कुटुंबाला घेऊन आले. प्रत्येकाच्या खांद्यावर वेगळ्या रंगाचा टॉवेल होता.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तो सांगतो. त्यात चूक माझी आहे.

बाईंनी आमच्याकडे एक पद्धत घातली होती. दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाकडे औषधनिर्मात्याने जायचे, त्याला कोणकोणती औषधे चालू आहेत ते विचारायचे आणि छापील कागदावर लिहायचे. कातडीचे कितीतरी आजार पोटात घेतलेल्या औषधाने उठतात. ते औषध सापडून बंद झाले नाही, तर बाकीचे उपचार वाया जातात. कागदावर पहिलाच प्रश्न होता, ‘रुग्णाने कोणते औषध घेतले आहे काय?’ हे काम मी वर्षानुवर्षे करत होतो.

काही वर्षांपूर्वी नागपंचमीच्या तोंडावर आटपाडी तालुक्यातून सुवर्णा नावाची मुलगी आली. पंचविशीची, लग्नाला दोन वर्षे झालेली. नवरा सैन्यात, दूर सरहद्दीवर. बरोबर सासू होती, अनुसयाबाई. सुवर्णाला ताप होता, तोंड आतून सोललेले, डोळे लाल, छातीवर आणि पाठीवर काळपट लाल चट्टे. गावात सगळे म्हणाले, देवी आल्या आहेत. म्हणून अनुसयाबाईंनी दोन दिवस तिला कडुलिंबाच्या पाल्यावर निजवले होते. फोड यायला लागले तेव्हा शेजाऱ्याच्या जीपमधून, पाल्यासकट आणले.

बाई त्या दिवशी साताऱ्याला होत्या. मी कागद घेऊन अनुसयाबाईंकडे गेलो आणि विचारले, “मावशी, सुनेनं काही औषध घेतलंय का?”

त्यांनी आजूबाजूला पाहिले आणि आवाज खाली आणला. “न्हाई वं दादा. कसलं औषध? आमच्या घरात तसलं कायबी न्हाई. सोन्यासारखी पोर हाय, ती कशापायी औषध घील?”

मी लिहिले, ‘औषध नाही.’ खाली सही केली.

माझ्या त्या दोन शब्दांवर विसंबून तरुण डॉक्टरांनी जंतुसंसर्ग धरून विचार सुरू केला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या तोवर चट्टे एकमेकांत मिसळले होते. बाईंनी एका चट्ट्याच्या कडेला बोट हलकेच फिरवले, तर वरची कातडी ओल्या कागदासारखी सरकली. कातडी अशी सुटू लागली की जिवावर बेतते, आणि जीव वाचला तरी डोळे जाऊ शकतात. बाईंनी माझा कागद वाचला. “असं आपोआप होत नाही,” त्या म्हणाल्या. “पोटात काहीतरी गेलंय.” मग स्टूल ओढून त्या अनुसयाबाईंच्या शेजारी बसल्या. मी मागे उभा होतो.

“मावशी, चहा झाला का?”

“झाला.”

“सुनेला?”

“दोन घोट. गिळवत न्हाई तिला. बाई, तो पाला काढू नगा म्हणावं.”

“पाला राहू द्या, उशाशी ठेवा. अंगाखाली नको, कातडीला चिकटतो. बरं, मला एक सांगा. पोर बरी होती तेव्हा सकाळी उठल्यापासून तिच्या तोंडात काय काय जायचं? पहिल्यापासून सांगा.”

अनुसयाबाईंनी बोटे मोजायला घेतली. “मिसरी न्हाई लावत ती. चा, चाबरूबर बटर. मग गोळी. दुपारच्याला भाकरी. सांजच्याला पुन्यांदा भाकरी आन् गोळी.”

“कसली गोळी?”

“फिटंची. रानात फिट येऊन पडली हुती. तवा आमच्याकडच्या डागदरनं दिली.”

“कधीपासून?”

“बेंदराच्या आदल्या बाजारापास्नं.” म्हणजे तीन-चार आठवडे झाले होते.

“आणि इथं आल्यावर?”

“दिली की. काल सांजच्याला दिली, आज सकाळी बी दिली. चुरून, पाण्यात घालून. डागदरनं बजावलंय, एक दीस बी चुकवायची न्हाई.” कमरेच्या पिशवीतून त्यांनी पाकीट काढून दाखवले. त्यात दोन गोळ्या उरल्या होत्या.

बाईंनी हात पुढे केला. “तुम्हाला सांगितलं तसंच तुम्ही केलंत, मावशी. नेमानं केलंत. पण ही गोळी हिच्या अंगाला मानवली नाही. ती आता मला द्या. फिट येऊ नये म्हणून वेगळी गोळी मी देते.”

मला राहवले नाही. मी म्हणालो, “मावशी, काल मी विचारलं होतं ना तुम्हाला?”

“तुमी औषधाचं इचारलं, दादा. औषध म्हंजी फवारायचं. मला वाटलं, पोरीनं औषध पिलं म्हणून पोलिसात कळवतासा का काय. गोळीचं कुणी इचारलंच न्हाई.”

आमच्या गावात औषध घेणे म्हणजे पिकावरचे विष पिऊन जीव देणे; ‘त्यानं औषध घेतलं’ एवढे तीन शब्द कुणी उच्चारले की सगळी आळी गप्प होते, बायका पदर तोंडाला लावतात. मी त्याच बोलीत वाढलो. शहरातल्या कोणाला हे ठाऊक नसेल तर समजू शकतो, मला ठाऊक होते. छापील कागद हातात धरून धरून मी ते विसरलो होतो, आणि त्या विसरण्यापायी सुवर्णाच्या पोटात आणखी दोन गोळ्या गेल्या होत्या.

मी बाईंच्या खोलीत गेलो आणि हे काम माझ्याकडून काढून घ्या, असे म्हणालो. त्यांनी माझा कागद पुढे ओढला. मी लिहिलेले त्यांनी खोडले नाही. त्याखाली लिहिले, ‘प्रश्न बदलून विचारला. औषध सापडले.’ मग मला म्हणाल्या, “वरचा छापील प्रश्न कुणाचा आहे? वाईच्या घरात वाढलेल्या बाईचा, माझा. इतकी वर्षं तो असाच विचारला जातोय, आणि मला कुणाच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. काम काढून घ्यायचं तर आधी माझं काढावं लागेल. आता जा. तिला पट्ट्या लागणार आहेत.”

पुढचे दिवस मी रोज सकाळी जाळीच्या कापडाच्या पट्ट्या व्हॅसलीनमध्ये बुडवून, निर्जंतुक करून देत होतो. त्या जखमेला चिकटत नाहीत, काढताना कातडी ओढली जात नाही. डोळ्यांचे डॉक्टर दिवसातून कितीदा तरी येऊन चिकटलेल्या पापण्या सोडवत. मी मनात आमच्या कुलदैवताचे, सिद्धनाथाचे नाव घेत असे आणि दुपारचे जेवण सोडले होते. चौथ्या दिवशी बाई दारात उभ्या राहिल्या.

“उपास आहे?”

“हो.”

“कुणासाठी?”

मी पुढची पट्टी व्हॅसलीनमध्ये बुडवली. “उपास करा,” त्या म्हणाल्या. “पण दूध घ्या. हात थरथरला तर काटा खरं सांगणार नाही.” थोड्या वेळाने त्यांच्या घरून आलेला दुधाचा तांब्या माझ्या टेबलावर होता. सुवर्णा धोक्याबाहेर येईपर्यंत तो रोज येत राहिला.

कातडी नवी आली. आधी गुलाबी, मग हळूहळू अंगासारखी. डोळे वाचले. सुवर्णा घरी निघाली तेव्हा बाईंनी त्या गोळीचे रिकामे पाकीट एका जाड कागदावर चिकटवले, त्यावर लाल फुली मारली आणि अनुसयाबाईंना सांगितले, “हे रेशनकार्डात ठेवा. कुठल्याही दवाखान्यात गेलात की आधी हे दाखवा, मग बोला.” वाचता न येणाऱ्या बाईलाही वाचता येईल असे ते पत्र होते.

त्यानंतर त्यांनी मला बोलावून कोरा कागद दिला. “तुमच्या आईला विचारायचं झालं तर कसं विचाराल, तसं लिहा.” मी लिहिले, ‘गेल्या दोन महिन्यांत तोंडात काय काय गेलं? अंगाला काय लावलं? सुई कसली टोचली?’ बाईंनी त्यातले एक अक्षर बदलले नाही. आमच्या कागदावर आज हेच तीन प्रश्न आहेत. ‘औषध’ हा शब्द त्यात नाही. नव्या डॉक्टरांना तो कागद खेडवळ वाटतो. बाई त्यांना सुवर्णाची हकीकत सांगतात, आणि ती सांगताना माझे नाव कधी घेत नाहीत. म्हणून ती चूक माझी होती हे मी इथे सांगितले.

यंदा डाळिंबे उतरल्यावर अनुसयाबाई सुनेला घेऊन आल्या होत्या. सुवर्णाने बाईंसमोर बसून सुईत दोरा ओवून दाखवला, पहिल्याच खेपेत. बाई काही वेळ त्या सुईकडे पाहत राहिल्या. एवढ्यात अनुसयाबाईंनी पिशवीतून डाळिंबे काढता काढता विचारले, “बाई, तुमी लय वाळलासा. आज सकाळधरनं तोंडात काय काय गेलं तुमच्या?”

“चहा,” बाई म्हणाल्या.

“आन् गोळी?”

बाईंनी टेबलाचा खण उघडला. रक्तदाबाची गोळी त्या विसरल्या होत्या.

“दुसऱ्याला तेवढं सांगायचं,” अनुसयाबाई म्हणाल्या. “दादा, पाणी आणा.” मी पाणी आणले. बाईंनी आज्ञाधारकपणे गोळी घेतली आणि अनुसयाबाईंनी ती घशाखाली उतरेपर्यंत नजर हलवली नाही.

बाईंनी पंचाहत्तरी गाठली, आता त्यांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभावे, हे मी रोज सकाळी काटा शून्यावर आहे हे पाहून झाल्यावर, हात जोडतो तेव्हा मागतो. त्यासोबत आणखी एक मागणे असते. सकाळपासून तोंडात काय गेले हे बाईंना दरडावून विचारणारे कोणी ना कोणी पुढची पुष्कळ वर्षे त्यांच्या समोर बसलेले असावे, आणि त्यांना प्रत्येक वेळी खरे उत्तर द्यावे लागावे.