उघडीप पडली की उघडणाऱ्या खिडक्या

या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आलो. हयात सरकारी नोकरीत गेली, घरात देव होते पण भुताखेताला जागा नव्हती. कुणी काही सांगितलंच तर मी विचारायचो, "साक्षीदार कोण?" आज माझ्याच अनुभवाला एक साक्षीदार आहे, म्हणून लिहितोय. आणि दुसरं कारण... ते ओघात येईलच.

आम्ही दिग्रसचे. पुसद रोडच्या बाजूला घर, मागे परसात लिंबाखाली टिनाचं शेड. ते शेड माझ्या मुलाचं, मंगेशचं. तान्ह्या पोळ्याला लहान मुलं चाकांचे लाकडी बैल ओढत दारोदार फिरतात ना, ते बैल तो तिथे घडवायचा. माझी इच्छा त्याने परीक्षा देऊन कुठेतरी चिकटावं. पाहुण्यांनी विचारलं की मी म्हणायचो, "पोरगा अजून खेळण्यांतच आहे." तोही हसायचा. मला वाटायचं, त्याला लागत नाही.

या कामातली अडचण अशी की बैल विकायचे पोळ्याला, म्हणजे ते रंगवून वाळवायचे ऐन श्रावणात. त्या दिवसांत आमच्याकडे झड लागली की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. टिनाला आतून घाम सुटतो आणि लाकडाला बुरशी धरते. मंगेशने त्यावर बराच विचार केला होता. बैल जमिनीवर न ठेवता बांबूच्या माचणावर, भिंतीपासून हातभर दूर. लाकडाला आधी जवसाचं तेल. कोपऱ्यात मडक्यात कळीचा चुना, ओल ओढून घ्यायला. आणि समोरासमोर दोन खिडक्या, मुद्दाम उंच, टिनाला लागून, कारण दमट हवा वर चढते. पाऊस असला की खिडक्या बंद, उघडीप पडली की लगेच दोन्ही उघड्या.

तो बाहेर असला की हे काम त्याच्या आईकडे. कुसुम ठेंगणी. तिचा हात कडीला पुरायचा नाही म्हणून त्याने तिच्यापुरतं एक लाकडी स्टूल करून दिलं होतं.

त्या वर्षी सूनबाई वर्षा बाळंतपणाला माहेरी, उमरखेडला होती. मुलगी झाल्याचा निरोप आला आणि मंगेश तिकडे गेला. जाताना आईला बजावलं, "उघडीप पडली का खिडक्या उघडजो, आई."

तो गेला आणि झड लागली. कुसुमचे गुडघे सुजलेले. मी म्हणालो, "तू नको जाऊ चिखलात, मी पाहतो शेडचं." आणि मी काय केलं? पाणी आत येऊ नये म्हणून दोन्ही खिडक्यांवर बाहेरून जाड प्लास्टिक ठोकलं, दाराची फटसुद्धा बुजवली. वाटलं, कायमचा बंदोबस्त झाला. मधे दोनदा चांगली उघडीप पडली. मी ओसरीत पेपर वाचत होतो.

मंगेश यायच्या दिवशी सकाळी शेड उघडलं. आंबूस वास आला. माचणावरचे सगळे बैल पांढरे-हिरवे झाले होते. हात लावला तर रंग बोटांना चिकटून आला. मी घाबरलो. प्लास्टिक काढून मागच्या नाल्यात टाकलं आणि हात धुऊन ओसरीत बसलो.

मंगेशने पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "आई, तुले सांगून गेलतो ना! मग काहून नाही उघडल्या खिडक्या?"

कुसुमने माझ्याकडे पाहिलं. मी पेपर खाली केला नाही.

"विसरली रे बाप्पा," ती म्हणाली. "म्हातारी झाली आता मी."

नंतर मी तिला विचारलं, असं का केलंस. ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्यावर चिडला असता तर घर सोडून गेला असता. माझ्यावर चिडला त जेवाले येईन."

जेवायला आला. पण पोळा झाला आणि तो बायको-मुलीला घेऊन नागपूरला गेला, एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला लागला. गावात लोक म्हणत राहिले, आईच्या विसरभोळेपणापायी पोराचा धंदा बसला. मी ऐकत राहिलो. मी ते मुद्दाम केलं होतं का? नाही. पण मुद्दाम केलं नाही हे कुणी मानलं नसतं, इतकं मी त्याच्या कामाला हसलो होतो.

नागपूरलाच त्याला कावीळ झाली. त्यातून तो उठला नाही. वर्षा मुलीला घेऊन माहेरी गेली. पुढे दोन वर्षांनी कुसुमही वारली. "विसरली" हा शब्द तिने कधी मागे घेतला नाही.

आता मूळ गोष्ट. ती गेल्यानंतरचा पहिला श्रावण. शेडला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. आत मंगेशचा रंधा, पटाश्या आणि न रंगवलेले थोडे बैल. झड थांबून दुपारी उघडीप पडली. परसात गेलो तर शेडच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या! खिडक्यांना गज आहेत, कड्या आतून. कुलूप जसंच्या तसं. मी आत जाऊन खिडक्या लावून घेतल्या. पुढच्या उघडिपीला पुन्हा तेच. आणि पाऊस यायच्या आधी त्या बंद झालेल्या असायच्या.

शेजारी राठोड राहतो, एस.टी.चा रिटायर ड्रायव्हर. त्याला बोलावून दाखवलं.

"वारा असन साहेब."

"वारा कडी काढते का रे?"

"काढते कधी कधी. सैल असन." मग त्याने स्वतःच डोकं खाजवलं. "उघडते ते ठीक हाय... पण लावते कोण?"

तो आत शिरला, इकडेतिकडे पाहिलं आणि पश्चिमेच्या खिडकीपाशी थबकला. कुसुमचं स्टूल खिडकीच्या बरोबर खाली उभं होतं. ते मी स्वतः दाराजवळ पोत्यांखाली ठेवलं होतं.

"साहेब," राठोड हळूच म्हणाला, "वाऱ्याले स्टूल कायले लागते?"

त्यानंतर तो आमच्या परसात आला नाही.

बैलांवर हात फिरवला. कोरडे ठणठणीत. मला भीती वाटली नाही, खरं सांगतो. पण जन्मभराची सवय... खात्री करायची होती. मी ते स्टूल उचलून घरात आणून ठेवलं. म्हटलं, पाहू आता.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. खिडक्या बंद. त्यानंतरच्या उघडिपीलाही बंद. आठवडाभरात बैलांवर पांढरी बुरशी आली. तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. तिला त्या कामापासून मी दुसऱ्यांदा अडवलं होतं. धावत जाऊन स्टूल जागेवर ठेवलं, दार बंद करून परसात बसून राहिलो. मोठ्याने हाकसुद्धा मारली, लाज नाही वाटली. खिडक्या पुन्हा कधी उघडल्या नाहीत.

मग मी वर्षाला फोन केला. प्लास्टिक, नाला, पेपर, सगळं सांगितलं.

"बाबा," ती म्हणाली, "त्याईले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्ही लावलं होतं प्लास्टिक ते. कसं कळलं, मले नाही सांगितलं. रोज फोनवर म्हणायचे, बाबा आज सांगतीन, उद्या सांगतीन. पोळ्यापर्यंत वाट पाहिली. मग म्हणाले, चाल, निघू आपण."

मग तीच म्हणाली, "गोळ्या घेता ना वेळेवर?"

आतून लावलेली कडी कशी निघत होती, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. राठोडकडेही नाही. वाचकांपैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, पण मी ते उत्तर शोधत नाही. मला एवढंच लिहून ठेवायचं आहे की कुसुम काही विसरली नव्हती. मंगेशच्या बैलांना बुरशी माझ्यामुळे लागली. दिग्रसमध्ये ही गोष्ट अजून सांगतात. यापुढे सांगाल तेव्हा तिच्याऐवजी माझं नाव घ्या.