रावजी मेस्त्रींचे जामीनदार

रावजी मेस्त्री गेल्याची बातमी मला बँकेच्या जिन्यात कळली. परळच्या गिरणीत माग चालवणारे सखाराम पवार त्या दिवशी खाडा करून कोटातल्या आमच्या बँकेपर्यंत आले होते. "मेस्त्री काल गेले," ते म्हणाले, "छातीत कळ आली, पाणी मागितलं, तेवढंच. तुम्हांला सांगून या, असं त्यांच्या घरातून म्हणाले." हल्ली कोणी गेल्याचे कळले की पहिला प्रश्न प्लेगच्या साथीचा येतो. मीही तोच विचारला. "नाय, साथ नाय," असे म्हणून सखाराम पायरीवर बसले, आणि प्रश्नाची माझी मलाच लाज वाटली. त्याला आता पाच आठवडे झाले.

मेस्त्रींची आणि माझी पहिली गाठही त्याच जिन्यात पडली होती. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी कामावरून उतरत होतो. डोक्याला मुंडासे, अंगात स्वच्छ धुतलेली बंडी, असा पंचेचाळिशीचा एक माणूस हातात कागद घेऊन उभा होता. "जरा वाचून दाखवाल काय? इंग्रजीत लिवलंय." मी कागद घेतला आणि पाहिले तर अक्षर माझेच. साहेबाने सांगितलेला मजकूर मीच दोन दिवसांपूर्वी उतरवून काढला होता. अर्जदाराच्या नावे मुंबईत जमीनजुमला नाही, प्रतिष्ठित जामीनदार नाही, सबब कर्ज देता येत नाही याचा बँकेस खेद वाटतो. मी मराठीत सांगत गेलो. अक्षर माझे आहे, एवढे तेवढे सांगितले नाही.

"खेद म्हणजे काय?" त्यांनी विचारले.

"वाईट वाटतं, असं."

"कोणाला?"

मी कागद त्यांच्या हातात परत दिला. त्यांनी कागदाची चौघडी केली, मुंडाशात खोचली आणि ते चालू लागले. का कोण जाणे, मीही बरोबर निघालो.

त्यांची हकीकत साधी होती. गाव राजापूरकडचे, जातीने सुतार, गिरणीच्या सुतारखात्यात अठरा वर्षे. मागावर आडवे सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी धोटा विलायतेहून येई. तो घासून त्याला चीर पडली की उभे सूत तुटे, कापडात डाग राही, आणि त्या कापडाचा दंड विणकराच्या पगारातून कापला जाई. असे धोटे दुरुस्त करता करता मेस्त्रींना ते नवे बनवण्याची रीत सापडली होती. गोदीजवळच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात लाकूड कातायचे, पायाने चालवायचे जुने लेथ विकायला होते. ते यंत्र आणि गाडीभर लाकूड, एवढ्यासाठी त्यांनी अर्ज केला होता. मागखात्याच्या पारशी मास्तरांनी सांगून ठेवले होते, की माल टिकला तर घेऊ, पण आगाऊ दमडी मिळणार नाही.

नंतर ते लालबागेतल्या एका सावकाराकडे गेले. त्याने यशोदाबाईंच्या पाटल्या मागितल्या. यशोदाबाई द्यायला तयार होत्या, मेस्त्री नव्हते. "त्या तुझ्या बापानं केल्या," ते म्हणाले, "माज्या हुन्नराला तारण माजंच पायजे." हे मला पुढे यशोदाबाईंनीच सांगितले, आणि सांगताना त्या किंचित रागावलेल्याच होत्या.

एका रविवारी मेस्त्री माझ्या गिरगावच्या बिऱ्हाडी आले. बँकेतल्या माणसाने जामीन म्हणून सही केली तर सावकार पाटल्यांवाचून देईल म्हणतो, असे त्यांनी सांगितले. मी म्हणालो, "बँकेचा नियम आहे. कारकुनाला कोणाला जामीन राहता येत नाही." असा नियम कुठेही नव्हता. माझे दोन भाऊ शिकत होते, बहिणीचे लग्न व्हायचे होते, ही कारणे खरी होती. ती मी सांगितली असती तरी चालले असते. मेस्त्रींनी "बरं," म्हटले, गूळपाणी घेतले, आमच्या दाराची कुरकुरणारी बिजागरी दोनदा हलवून पाहिली आणि ते गेले.

पंधरा दिवसांनी त्यांचा निरोप आला : कागद लिहायचा आहे, परळला या. मला जाणे भाग वाटले. मेस्त्रींच्या चाळीतल्या खोलीत बारा विणकर दाटीने बसले होते. त्यांची भिशी होती. दर महिन्याला सगळ्यांनी सारखी रक्कम घालायची आणि पाळीपाळीने एकाने ती सगळी उचलायची, असा व्यवहार. पहिली पाळी सखारामांची होती आणि त्यांच्या मुलीचे लग्न ठरले होते. ती पाळी आणि तिच्या पुढचीही मेस्त्रींना द्यावी, असे सखाराम सांगत होते.

कोपऱ्यातून एकजण म्हणाला, "मेस्त्री भिशीत नाय. मग पयला त्यांना का?"

"गेल्या महिन्यात तुझा दंड किती कापला?" सखारामांनी विचारले.

"दीड रुपया."

"कशापायी?"

"धोट्याला चीर होती…"

"मग?"

विचारणारा सरकला आणि त्याने मला लिहायला जागा करून दिली. मी कागद लिहायला घेतला आणि सवयीने विचारले, तारण काय लिहू? मेस्त्री म्हणाले, "लिवा, मेस्त्री पळाला तर यंत्र बारा जणांचं." खाली प्रत्येकाचे नाव आणि गाव लिहिले. सह्या दोघांनाच येत होत्या. बाकीच्यांनी निशाण्या केल्या. मेस्त्रींनी आपल्या नावापुढे पटाशी काढली, दांड्यासकट, अगदी बेतशीर.

हे सगळे पुढे सुरळीत झाले असते तर सांगण्यासारखे फार उरले नसते. पहिले दोन डझन धोटे मागावर चढले आणि आठवड्याच्या आत वाकले. सूत तुटू नये म्हणून मागखात्यात वाफ सोडतात; त्या वाफेने लाकूड फुगले. वखारीतले लाकूड पुरते वाळलेले नव्हते. मास्तरांनी सगळा माल परत केला आणि त्या आठवड्यात ज्यांना दंड झाला, ते मेस्त्रींना जामीन राहिलेलेच लोक होते. हुंड्याची रक्कम वेळेत उभी राहिली नाही म्हणून सखारामांच्या मुलीचे स्थळ मोडले. सखाराम मेस्त्रींना एका शब्दानेही बोलले नाहीत, पण त्यांच्या चाळीकडे महिनाभर फिरकलेही नाहीत. मेस्त्रींनी गिरणीची नोकरी सोडलेली होती. ते दिवसा लोकांच्या खाटा, पाळणे दुरुस्त करत आणि भिशीचा हप्ता मात्र चुकवत नसत. यशोदाबाईंच्या हातातल्या पाटल्या त्या महिन्यांत दिसेनाशा झाल्या.

मग गोदीच्या बाजूला एक जुने गलबत मोडत असलेले त्यांनी पाहिले. तीस-चाळीस वर्षे खारे पाणी पिऊन आणि उन्हात वाळून त्याच्या कण्याचे लाकूड असे झाले होते, की पटाशी लागेना. त्यांनी त्याचा एक तुकडा मागून आणला, चार धोटे केले आणि महिनाभर चुलीवरच्या आधणाच्या वाफेत टांगून ठेवले. एकही वाकला नाही. ते चार त्यांनी स्वतः नेऊन सखारामांच्या हाती दिले. "चढवणार नाय म्हणालात तर परत नेतो," एवढेच म्हणाले. सखारामांनी चढवले. दोन महिन्यांनी मास्तरांनी दहा डझनांची मागणी दिली, आणि पुढच्या वर्षी सखारामांच्या मुलीचे दुसरीकडे लग्न झाले. ते पहिल्यापेक्षा बरे झाले की वाईट, हे सखारामांनी कधी सांगितले नाही.

साथ आली तेव्हा परळच्या चाळी बघता बघता ओस पडल्या. बारांपैकी सातजण कोकणात पळाले. मेस्त्रींकडून त्यांना अजून काही येणे होते. मेस्त्री माझ्याकडे आले आणि त्या कागदावरची गावे त्यांनी माझ्याकडून वाचून घेतली. मी म्हणालो, "येतील परत, तेव्हा द्या." ते म्हणाले, "आता तिकडं त्यांना काम नाय. पैसे आताच लागतील." आगबोटीने जाऊन ते गावोगाव फिरले. त्यांतला एकजण वाटेतच वारला होता. त्याच्या आईला भिशी म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. असले पैसे मी घेणार नाही, असे म्हणून ती बसली. मेस्त्री तिथे तीन दिवस राहिले, तिच्या गोठ्याचे दार बसवून दिले, आणि मग तिने ते घेतले.

गेल्या थंडीत मी त्यांच्या कारखान्यात बसलो होतो. कारखाना म्हणजे एक लांबट खोली आणि दोन यंत्रे. का ते सांगता येत नाही, पण त्या दिवशी मी दोन्ही गोष्टी बोलून टाकल्या : बँकेचे ते पत्र माझ्या हातचे होते आणि जामिनाचा तसा नियम नव्हता. मेस्त्रींचा पाय यंत्रावर चालूच राहिला.

"नियमाचं ठाऊक होतं," ते म्हणाले. "बँकेच्या चपराशाला तेव्हाच विचारलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"कागद लिवायला माणूस हवा होता…" त्यांनी लाकूड फिरवले. "आणि तुम्ही आलात."

परवाच्या रविवारी मी परळला गेलो. यंत्रावर मेस्त्रींचा धाकटा भाऊ होता. यशोदाबाई खिडकीशी बसून तयार धोट्यांवरून कापसाचा पुंजका फिरवत होत्या. मेस्त्री रोज संध्याकाळी हेच काम तिथे बसून करत. गुळगुळीत झालेला धोटा उजवीकडे, न झालेला डावीकडे. यशोदाबाईंनी एक धोटा डावीकडे ठेवला. मी तो उचलून चारही बाजूंनी बोट फिरवून पाहिले. मला काही लागले नाही, तसे मी म्हणालो. यशोदाबाईंनी तो माझ्या हातून घेतला, कापूस पुन्हा एकदा सावकाश फिरवला आणि टोकापाशी अडकून राहिलेला एकच तंतू मला उजेडात धरून दाखवला.